जप्तीच्या अकरा दिवस आधी

आमच्या संघटनेच्या पत्रकाची एक ठरलेली घडण होती. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत आरोपी, तिसऱ्या ओळीत मागणी. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी तशीच लिहायला शिकले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते चांगलं जमायचं. वाढवणच्या बंदराविरुद्धच्या बैठकांना माझी पत्रकं कमी पडायची. आता हे लिहायला बसले तरी हात आधी आरोपीच शोधतो. या खेपेला तो सापडायला काही वेळ लागत नाही.

तलासरी तालुक्याच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर एक विधवा बाई राहते. मी तिला मावशी म्हणते. तिच्या सासऱ्याने तरुणपणी उतारावरचं रान साफ करून एक प्लॉट काढला. तिकडे वनजमिनीवर कसलेल्या तुकड्याला सगळे प्लॉटच म्हणतात. खालच्या सपाट अंगाला भात, वर उतारावर नागली आणि वरई. सासरा गेला, नवरा गेला, नांगर बाईने धरला. कागदावर मात्र जमीन वनखात्याची. ती नावावर व्हायची तर वनहक्काचा दावा टाकायचा आणि त्याला निदान दोन पुरावे जोडायचे. एक पुरावा तिच्याकडे होता: अतिक्रमण केलं म्हणून सासऱ्याला झालेल्या दंडाची जुनी पावती. गंमत बघा, गुन्ह्याची पावती हाच हक्काचा दाखला. पण त्या पावतीवर जमीन कुठून कुठपर्यंत ते नव्हतं. ते सांगणारा एकच माणूस पाड्यात उरला होता. सासऱ्याबरोबर कुऱ्हाड घेऊन तिथे राबलेला एक म्हातारा. तिच्या नात्यागोत्यातला नव्हता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन.

म्हाताऱ्याने लेखी जबाबावर अंगठा द्यायला साफ नकार दिला. "एकदा दिलेला," तो म्हणाला, "कोऱ्या कागदावर. बापाची जमीन गेली त्यात. आता हा अंगठा फक्त भाकर मोडायला."

मग मी म्हटलं, बाबा, फोनमध्ये बोलाल का? त्याने विचार केला आणि हो म्हणाला. पण घरी नाही, जमिनीवर उभं राहून. आणि एकदाच. नागली काढून झाली होती, थंडी पडायला लागली होती. पाड्यातली आठदहा माणसं आमच्यामागून उतारावर आली. म्हाताऱ्याने मूठभर तांदूळ हातात घेतले, कणसरीचं नाव घेतलं आणि चालायला लागला. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवता. तिला मुठीत धरून माणूस खोटं बोलत नाही. इथे साग होता, इथे आम्ही पालापाचोळा जाळून पहिला राब केला, हा वाघदेवाचा दगड, इथून वर ओहळापर्यंत हिच्या सासऱ्याचं. बारा-तेरा मिनिटं तो चालत बोलला आणि मी उलट्या पावलांनी चालत चित्रीकरण केलं. मधे एकदा मी धडपडले. तेव्हा तो म्हणाला, "बाय, आधी तू जमिनीवर नीट उभी ऱ्हा, मग जमिनीचं बघ." सगळे हसले. तेही रेकॉर्ड झालं होतं.

संपल्यावर मी म्हटलं, वाऱ्याचा आवाज आलाय, सुरुवातीचं एकदा परत सांगता का?

"नाय," तो म्हणाला. "कणसरी धरून एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा सांगतो तो खोटा."

त्याने तांदूळ तिथेच जमिनीत टाकले. मावशीची सून शेजारी उभी होती. तिच्याकडे पडद्याला तडा गेलेला एक साधा स्मार्टफोन होता. ती म्हणाली, "ताई, आमच्या फोनात पण टाका ना. घरी ऱ्हाईल."

मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "तुमचा फोन गाण्यांनी भरलेला, वहिनी. त्यात पडलं की हरवलं. मी सुरक्षित जागी ठेवते. लिंक देते तुम्हाला."

"लिंक म्हंजी?"

"पत्ता. त्या पत्त्यावर गेलं की दिसतं."

पाड्यात फोनला रेंज यायची तर टाकीच्या कट्ट्यावर चढावं लागायचं. हे मला माहीत होतं. तरी पत्ता दिला.

ती सुरक्षित जागा कुठली, ते सांगते. परदेशातली फायली ठेवायची एक फुकट साईट. मी डहाणू रोडला राहते. वडील घोलवडच्या चिकूच्या वखारीत मुकादम. घरात वायफाय, एवढ्या भांडवलावर मी संघटनेची तांत्रिक तज्ज्ञ झाले होते. आमच्याकडे मोर्च्यांचे फोटो होते, म्हाताऱ्यांचे जबाब होते, जमिनींचे नकाशे होते आणि पैसे नव्हते. त्या साईटचा नियम असा: जी फाईल बरेच दिवस कोणी उतरवून घेत नाही ती पुसली जाते. पण ज्या खात्यातल्या फायली पुष्कळ लोक उतरवून घेतात त्या खात्याला पॉइंट मिळतात. पॉइंट पुरेसे झाले की त्या खात्यातलं काहीच पुसलं जात नाही.

आता डोंगरातल्या म्हाताऱ्याचा जबाब कोण कशाला उतरवून घेईल? म्हणून मी त्याच खात्यात पिक्चर टाकायला लागले. दक्षिणेतले डब केलेले, नवे मराठी, थोडे गुजराती. दुसरीकडून उतरवायचे, इकडे चढवायचे. डाउनलोड पावसासारखे पडायचे. खातं एकदम तगडं झालं.

यात मला काही चुकल्यासारखं वाटत होतं का? अजिबात नाही. माझ्याकडे त्यावरचं पत्रकसुद्धा तयार होतं. जंगलाला कुंपण घालणारे आणि गाण्या-सिनेमाला कुंपण घालणारे एकाच जातकुळीचे, असा त्याचा मजकूर. डहाणूच्या महाविद्यालयात ते वाटून मी टाळ्या घेतल्या होत्या. आजही त्या पत्रकातलं निम्मं मला पटतं. उरलेलं निम्मं मी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलं होतं, हे मला तेव्हाही माहीत असावं.

कॉपीराइटच्या तक्रारींचे मेल यायला लागले. अमुक फाईल काढून टाकली आहे, पुन्हा असं केल्यास खाते बंद होईल. मी पहिला मेल छापून ऑफिसात चहाच्या स्टोव्हच्या वर चिकटवला. संघटनेचे सगळ्यात जुने कार्यकर्ते, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी चष्मा वर करून तो वाचला.

"हे काय?"

"पदक आहे, दादा."

"कसलं?"

"भांडवलदारांनी दखल घेतल्याचं."

दादा हसले. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. मला येतं. म्हणजे त्या भिंतीवर काय लिहिलंय हे ऑफिसात नीट कळणारी मी एकटी होते.

फोनमधलं म्हाताऱ्याचं मूळ चित्रीकरण मी पुसलं. कधी, तेही सांगते, कारण तिथेच सगळं आहे. एक नवा पिक्चर आला होता, फाईल मोठी होती आणि फोनमध्ये जागा नव्हती. मी गॅलरी उघडली, सगळ्यात जड काय ते पाहिलं. म्हातारा. साईटवर आहेच की, असं म्हणून पुसला. बोटाला एक सेकंद लागला.

दाव्याच्या अर्जात पुरावा म्हणून मी लिंक लिहिली. माझ्या हाताने, निळ्या पेनाने, चाळीसेक इंग्रजी अक्षरं आणि आकडे एका रांगेत. शून्य आणि ओ यांत गफलत नको म्हणून शून्याच्या पोटात रेघ मारली. एवढी मी काळजी घेणारी.

उन्हाळ्यात म्हातारा वारला. मी गेले होते. त्याच्या दारात बसून मावशी मला हळूच म्हणाली, "बरं झालं बाय, तू त्याचं बोलणं घेऊन ठेवलंस. नायतर मी आज त्याच्यासाठी रडले असते का जमिनीसाठी, माझं मला कळलं नसतं."

त्यानंतर मेल आला. तिसरी तक्रार झाली आहे, खाते बंद करत आहोत, तुमच्या स्वतःच्या फायली असतील तर सात दिवसांत काढून घ्या. मी तो मेल उघडला नाही. मेलच्या नावात कॉपीराइट शब्द दिसला आणि मी मनात म्हटलं, आलं आणखी एक पदक. त्या आठवड्यात मी मोर्च्याच्या तयारीत होते. सात दिवस गेले. खातं बंद झालं. मला ते दोन दिवसांनी कळलं. पासवर्ड टाकला तर लाल पट्टी आली. मी दहा वेळा टाकला. मग मेल उघडला, वाचला, आणि साईटवाल्यांना पत्र लिहिलं. इंग्रजीत, हात जोडून. आयुष्यात मी कोणत्याच सरकारपुढे एवढी वाकले नव्हते. उत्तर आलं नाही.

कोणाला सांगितलं नाही. मार्ग निघेल असं वाटत होतं. का निघेल ते माहीत नव्हतं.

खातं बंद झाल्याच्या अकराव्या दिवशी ती साईटच गेली. परदेशातल्या सरकारी यंत्रणांनी ती जप्त केली. उघडलं की एक पान यायचं, त्यावर दोनतीन मुद्रा, गरुडबिरुड, आणि खाली मजकूर: कॉपीराइट गुन्ह्यांच्या तपासात हे संकेतस्थळ जप्त करण्यात आले आहे. बातम्या आल्या. जगभर लोक ओरडत होते की आमचे लग्नाचे फोटो गेले, आमचे प्रबंध गेले, आम्ही काय चोर आहोत का? त्यांचा राग खरा होता. एका गोदामात चोरीचा माल सापडला म्हणून शेजारच्या खोलीतलं गरिबाचं गाठोडंही सील करणं हा कुठला न्याय? मी आजही हा प्रश्न विचारीन.

पण ते पान पाहून मला त्या दिवशी काय वाटलं? सुटका. अंगातून कळ निघून जावी तसं वाटलं. मला आरोपी मिळाला होता. तोही केवढा, मुद्रांसकट.

तासाभरात पत्रक तयार झालं. आदिवासींचे पुरावे कोणी पळवले? उत्तर: कंपन्यांचे हित जपणाऱ्या सरकारांनी. मागणी: जप्त पुरावे विनाअट परत करा, तोपर्यंत सर्व दाव्यांच्या सुनावण्या थांबवा. त्या पानाचं चित्रही छापलं. तलासरीच्या आठवडी बाजारात आम्ही ते वाटलं, मी सुक्या मासळीच्या ओळीपाशी उभी राहून बोलले आणि मावशी पुढेच बसून ऐकत होती. बोलून झाल्यावर तिने माझा हात धरला. "तू माझ्यासाठी भांडतेस," ती म्हणाली. मी हात सोडवून घेतला, अजून पत्रकं वाटायची आहेत म्हणून.

पावसाळ्यात डहाणूला सुनावणी झाली. मावशीबरोबर मीच गेले. वनहक्काच्या समितीतले साहेब तरुण होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी अर्जातली माझी चाळीस अक्षरं स्वतः एकेक करून कॉम्प्युटरवर टाकली. गरुडाचं पान आलं.

"मूळ चित्रीकरण कुठे आहे?"

"जप्त झालंय," मी म्हटलं.

"ते साईटवरचं. मूळ, फोनमधलं?"

"तेच मूळ होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मावशीकडे वळून म्हणाले, "आजी, हे परत यायचं कठीण दिसतंय. दुसरं कुणी जुनं माणूस आहे का, त्या वेळचं? गावाबाहेर गेलेलं, लग्न होऊन गेलेली बाई, कुणीही? जबाब आणा. मी पुढची तारीख देतो."

एका सरकारी माणसाने वाट दाखवली होती. मी काय करावं? मी उठून उभी राहिले. म्हटलं, साहेब, पुरावा सरकारच्या ताब्यात आहे आणि तुम्ही आमच्याकडे दुसरा मागता? आधी जप्त केलेला परत आणा! बाहेर आमची पोरं होती, त्यांनी घोषणा दिल्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

जिना उतरताना मावशीने विचारलं, "साहेब काय म्हणत होता? दुसरं माणूस?"

"त्यांचं काय मनावर घेता, मावशी. टाळाटाळ आहे नुसती."

मान डोलावून ती उतरायला लागली. मला वाटलं, पटलं. आता वाटतं, ती माझ्या शब्दाला मान देत होती.

दिवाळीनंतर एका दुपारी ती एकटीच आमच्या ऑफिसात आली. टमटम बदलत बदलत आली होती, पायाला धूळ. कमरेच्या गाठीतून माझं पत्रक काढलं. घडीवर फाटायला आलं होतं. गरुडाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यांचं ऑफिस कुठं हाय?"

"का?"

"माझ्या जावयाची जीप पोलिसांनी जप्त केलेली. दंड भरला, सुटली. मंग आपलं पण सुटेल ना? मी दोन बकऱ्या सांगून ठेवल्यात बाजारात. कमी पडलं तर सुनेचे भाऊ देतील. तू फकस्त सोबत चल. मला तिथलं बोलता नाय येणार."

स्टोव्हवर चहा होता. त्याच्या वर भिंतीला माझं पदक. दादा बाहेर गेले होते. मला पहिल्यांदा कळलं की गेले काही महिने ही बाई थांबून राहिली होती. माझ्या पत्रकावर विश्वास ठेवून. जप्त केलेली वस्तू कुठेतरी असते, सील लावून का होईना, असते. ती वाट पाहत होती आणि मी तिला वाट पाहायला लावलं होतं.

मी सांगितलं. उभ्यानेच, भिंतीकडे बघत. सरकारने नेलं नाही. त्याच्या आधीच गेलं होतं. मी त्या जागेत चोरीचे पिक्चर ठेवले म्हणून त्यांनी माझं खातं बंद केलं. सांगितलं होतं काढून घ्या, मी वाचलं नाही. फोनमधलं मीच पुसलं. पिक्चरला जागा पाहिजे म्हणून.

तिने गरुडावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "कुठला पिक्चर?"

"साऊथचा होता. डब केलेला."

"तू बघितलास?"

"हो."

"चांगला होता?"

मी काहीही ऐकायला तयार होते. शिवी, रडणं, तळतळाट. हे ऐकायला नव्हते. ती खरंच विचारत होती, आणि खरं उत्तर असं होतं की मी तो अर्धाच पाहिला होता.

तिने पत्रकाची घडी घातली, परत गाठीत बांधली. "मंग तवाच सांगायचंस," ती म्हणाली. "म्हाताऱ्याची बहीण हाय गंजाडला. लग्नाआधी तिनंच त्या प्लॉटवर राब टाकलेला. मी तिच्याकडं गेले असते. तू म्हणालीस, ते सुटून येईल."

त्याच दिवशी आम्ही गंजाडला गेलो. म्हाताऱ्याची बहीण नातवाच्या घरी पडवीत खाटेवर होती. गणपतीच्या सुमाराला तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. एक बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं. मावशीने तिच्या कानाशी वाकून ओहळाचं, सागाचं, वाघदेवाच्या दगडाचं नाव घेतलं. तिच्या चांगल्या डोळ्यात ओळख आली. ती बोलायला लागली. पुष्कळ बोलली, जोर लावून, हात हलवत. एकही शब्द कळत नव्हता. सुनावणीच्या वेळी ती स्वतः चालत बाजाराला जायची, असं नातसुनेने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तिने आपलं सहज सांगितलं.

परतताना मावशी माझ्या शेजारी बसली नाही. टमटममध्ये जागा होती.

थोड्या दिवसांनी निकाल आला. दंडाच्या पावतीवर आणि बांध दिसतो तेवढ्यावर खालचा भाताचा तुकडा मंजूर. वरचा उतार, नागलीचा, नामंजूर: हद्दीबाबत पुरावा नाही. साहेबांनी वावगं काही लिहिलं नव्हतं. अपील करायची मुदत होती.

मी दादांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "मला वाचून का नाही दाखवलंस ते?" भिंतीकडे मान करून एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस. उद्या सगळ्याच दाव्यांवर बोट ठेवतील. म्हणतील, ह्यांचं सगळंच असं." त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणून मी आणखी काही दिवस गप्प राहिले. माझ्या गप्प बसण्याला नेहमी काहीतरी चांगलं कारण मिळतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

अपिलाचा कागद घेऊन पाड्यावर गेले तेव्हा सुनेने पाणी दिलं. मावशी आतून म्हणाली, "ठेव तिथं."

"मावशी, पाड्यात काय सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगू? सरकारनं नेलं म्हणून सांगितलं. तूच म्हणालीस ना बाजारात, माइकवर." मग बाहेर येऊन दाराला टेकली. "रोज कोण ना कोण इचारतं, सुटलं का, सुटलं का. मी म्हणते, नाय अजून. आता मी पण खोटी झाले."

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. शाळेच्या पडवीत सभा होती, बायका एका बाजूला, पुरुष भिंतीला. मी कागदावर लिहून आणलं होतं, पण त्यात पहिल्याच ओळीत प्रश्न होता, म्हणून तो खिशात ठेवला आणि तशीच बोलले. पाचसहा वाक्यं झाली असतील. पत्रकात लिहिलं ते खोटं होतं, हे सगळ्यात शेवटी.

भिंतीजवळचा एक माणूस म्हणाला, "म्हंजी त्या गरुडानं काय नाय केलं?"

"आपल्या बाबतीत नाही."

"आणि आम्ही त्याला वर्षभर शिव्या दिल्या!"

हशा पिकला. मला हसता येत नव्हतं आणि बसताही येत नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, यावर ठराव काय घ्यायचा? कोणाला माहीत नव्हतं. ग्रामसेवकाने घड्याळ पाहिलं. तेव्हा बायकांतून मावशी बोलली. "हिचं जाऊ द्या. तो म्हातारा बोलला त्या दिवशी कोण कोण तिथं होतं?"

दोन हात वर झाले. मग आणखी.

"मी होते," एक बाई म्हणाली. "ओहळापर्यंत म्हणाला तो."

"ओहळापर्यंत नाय, ओहळाच्या अलीकडच्या जांभळीपर्यंत."

"जांभूळ कुठाय तिथं? ऐन हाय तो!"

"आता ऐन हाय. तवा जांभूळ होतं, असंच म्हणाला तो. तू मागं बिडी पीत होतास, तुला काय ऐकू येणार?"

"बिडी कानानं पितात काय गं?"

पडवीत एकच गलका झाला. कोणी काठीने जमिनीवर उतार काढला, कोणी त्यावर दगड ठेवला, दुसऱ्याने तो उचलून हातभर सरकवला. ग्रामसेवक म्हणाला, सावकाश, एकेकजण सांगा, मला लिहायचंय, नाव सांगा आधी. माणसं नाव सांगून ऐकलेलं सांगायला लागली. इतके महिने हे सगळं इथेच होतं, या माणसांच्या डोक्यात. कोणी विचारलं नव्हतं, कारण पुरावा सरकारच्या ताब्यात आहे असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

ऐकीव जबाबाला अपिलात किती वजन मिळेल, मला माहीत नाही. वाघदेवाच्या दगडाबद्दल दोघं चुकीचं सांगत होते. म्हातारा तिथे डावीकडे वळला होता, मी उलटी चालत होते, मी पडले ती जागाच ती, मला स्पष्ट आठवत होतं. मी तोंड उघडलं.

मावशीने मान न वळवता हात वर केला. "तू बस," ती म्हणाली. "तुझं शेवटी घेऊ."

मी बसले. बायकांच्या बाजूला जागा नव्हती, पुरुषांच्या बाजूला बसण्यासारखं नव्हतं, म्हणून चपला काढल्या होत्या तिथे, पायरीवर. आत जांभळीवरून ऐनावरून भांडण चाललं होतं आणि ग्रामसेवक लिहीत होता.